सल्ला हवा : लॅरी होम्सची कारकीर्द समजून घ्यायला कोणत्या लढती, कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

सांजवात :

नमस्कार मंडळी. माझी मुलगी हौशी बॉक्सिंग करते. ती उंच आहे, हात लांब आहेत, तरी प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाण्याची तिची सवय काही केल्या सुटत नाही. तिच्या प्रशिक्षकांनी सांगितले की लांब हाताचा उपयोग शिकायचा असेल तर माजी हेवीवेट विजेता लॅरी होम्स याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नीट अभ्यासून पाहा. मलाही या खेळाची मनापासून आवड असल्यामुळे आम्ही दोघींनी मिळून त्याच्या लढती पाहायचे ठरवले आहे.

अडचण अशी की शोधायला गेले की दोनच लढती सारख्या पुढे येतात. एक १९८० सालची मोहम्मद अलीविरुद्धची, ज्यात होम्स एका थकलेल्या, जवळजवळ प्रतिकारच न करणाऱ्या माणसाला मारत राहतो. आणि दुसरी १९८८ सालची माइक टायसनविरुद्धची, ज्यात तो स्वतः चौथ्या फेरीत आडवा होतो. एवढ्यावरून हा माणूस सात वर्षांहून अधिक काळ विजेता कसा राहिला, हे मुलीलाही समजत नाही आणि मलाही समजावून सांगता येत नाही. त्याच्या नावावर एकूण ७५ व्यावसायिक लढती आहेत. त्या सगळ्या पाहणे आम्हाला शक्य नाही. तेव्हा सुरुवात कुठून करावी, कोणत्या लढती सोडल्या तरी चालतील आणि टायसननंतरच्या उतारवयातल्या लढतींत शिकण्यासारखे काही आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गुणफलक :

ताई, पहिली लढत केन नॉर्टनची पाहा. ९ जून १९७८, लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेस, पूर्ण पंधरा फेऱ्या. मात्र ती लावण्याआधी होम्स तिथवर कसा पोहोचला ते मुलीला सांगा, नाहीतर पंधराव्या फेरीत तो ज्या जिवाच्या आकांताने लढतो त्याचा उलगडा होणार नाही.

त्याचा जन्म ३ नोव्हेंबर १९४९ रोजी जॉर्जिया राज्यातल्या कथबर्ट गावी झाला. बारा भावंडांचे कुटुंब पुढे पेनसिल्व्हेनियातील ईस्टन या कारखान्यांच्या गावात आले आणि होम्सने सातवीतच शाळा सोडून तासाला एक डॉलर मजुरीवर गाड्या धुण्याचे काम धरले. हौशी बॉक्सिंगमध्ये १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत तो अंतिम लढतीपर्यंत गेला, पण ड्युएन बॉबिकविरुद्ध वारंवार मिठी मारून पकडून ठेवल्याबद्दल त्याला बाद ठरवण्यात आले. याच्यात लढण्याची छाती नाही, असा शिक्का त्या दिवशी त्याच्यावर बसला. मार्च १९७३ मध्ये तो व्यावसायिक झाला, तरी पुढची कित्येक वर्षे त्याची ओळख ‘अलीचा सरावातला जोडीदार’ एवढीच राहिली. अलीच्या डिअर लेक येथील शिबिरात तो रोज ठोसे खात होता आणि खाता खाता शिकत होता. तिथे पहिल्यांदा डोळा काळानिळा झाला तेव्हा त्याने त्यावर बर्फ लावू दिला नाही, कारण अलीच्या हातची ती खूण त्याला ईस्टनच्या लोकांना दाखवायची होती.

नॉर्टनकडे डब्ल्यूबीसीचे, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या संघटनेचे, विजेतेपद होते. अलीला हरवून विजेता झालेल्या लिऑन स्पिंक्सने नॉर्टनशी लढण्याऐवजी अलीशी पुन्हा लढणे पसंत केले, म्हणून संघटनेने ते पद नॉर्टनला देऊन टाकले होते. लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या हाताचा स्नायू सरावात दुखावला. म्हणजे ज्या हातावर त्याची सगळी भिस्त तोच हात जायबंदी. असे असूनही सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याने जॅबच्या जोरावर नॉर्टनला लांब ठेवले. मधल्या फेऱ्यांत नॉर्टन आत शिरला, बरगड्यांवर मारू लागला आणि लढत हळूहळू त्याच्याकडे झुकली. शेवटच्या फेऱ्यांत तर पारडे मिनिटामिनिटाला वरखाली होत होते. पंधराव्या फेरीत दोघेही रिंगच्या मध्यावर उभे राहून एकमेकांना ठोसे लगावत राहिले, तेही तासभर झुंजून झाल्यावर. निकाल स्प्लिट डिसिजनने लागला : दोन परीक्षकांनी होम्सला १४३–१४२ असे गुण दिले, तिसऱ्याने तेच गुण नॉर्टनला दिले. माझ्या मते हेवीवेटच्या इतिहासात पंधरावी फेरी यापेक्षा चांगली झालेली नाही. वेळ कमी असेल तर पहिल्या चार आणि शेवटच्या तीन फेऱ्या पाहा, पण शक्यतो पूर्णच पाहा.

आखाडा :

गुणफलक यांनी सुचवलेली लढत थोर आहे, याबद्दल दुमत नाही. पण मुलीला जॅब शिकवायचा आहे, हा हेतू धरला तर मी आधी २५ मार्च १९७८ ची अर्नी शेव्हर्सविरुद्धची पहिली लढत सांगेन. मी मुलामुलींना शिकवतो आणि जॅबचा विषय निघाला की हीच लढत दाखवतो.

शेव्हर्स हा त्या काळातला सर्वांत जड हाताचा बॉक्सर. सहाच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९७७ मध्ये, अलीला त्याच्याविरुद्ध पंधरा फेऱ्या काढताना नाकी नऊ आले होते. होम्सने मात्र बारा फेऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येक फेरी जिंकली आणि हे त्याने बहुतांशी एका डाव्या हाताने केले. होम्सची उंची सहा फूट तीन इंच आणि हातांचा पल्ला ८१ इंच. लांब आहे, पण अचंबा वाटावा इतका नाही. आजचे अनेक हेवीवेट त्याच्यापेक्षा उंच असतात आणि तरी त्यांचा जॅब त्याच्या जवळपास पोहोचत नाही. फरक हाताच्या लांबीत नाही, वेळेत आहे.

आवाज बंद करून पाहा, म्हणजे समालोचकाच्या नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले जाईल. पहिल्या फेरीत फक्त होम्सच्या डाव्या हाताकडे लक्ष द्यायचे. तो हात हनुवटीजवळ नसतो, कमरेच्या थोडा वर सैल सोडलेला असतो आणि तिथून वर येतो, त्यामुळे समोरच्याला तो नजरेच्या खालच्या कडेतून येतो आणि उशिरा दिसतो. दुसऱ्या फेरीत हात विसरून फक्त शेव्हर्सचे पाय पाहायचे. शेव्हर्स पुढचा पाय उचलून आत यायला निघाला, त्याचे वजन एका पायावर आले, की त्याच क्षणी जॅब चेहऱ्यावर. त्यामुळे शेव्हर्सला पाऊल टाकून झाल्यावर पुन्हा अंग सावरावे लागते, आणि त्याचा उजवा ठोसा निघण्याआधीच विझतो. तिसऱ्या फेरीत दोघांमधले अंतर पाहायचे. होम्स एक जॅब मारून थांबत नाही. दुसरा, कधी तिसराही, आणि प्रत्येक जॅबबरोबर पुढचा पाय थोडा सरकतो. मुलगी धावून जाते असे तुम्ही लिहिले आहे, तर तिला हे सरकणे मुद्दाम दाखवा, कारण होम्ससुद्धा पुढेच जात असतो, पण जॅबच्या मागोमाग.

यानंतर लगेच त्याच दोघांची दुसरी लढत लावा, २८ सप्टेंबर १९७९ ची. त्यात सातव्या फेरीत शेव्हर्सचा उजवा ठोसा असा बसतो की होम्स सपशेल कोसळतो. तो उठला कसा हे मला अजूनही कोडे आहे. उठला, फेरी निभावली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सला थांबवले. ही लढत दाखवायची ती दोन कारणांसाठी. एक, कमरेजवळून निघालेला डावा हात परतताना खालीच राहतो आणि त्याच्या वरून येणाऱ्या उजव्याला वाट मोकळी होते. होम्सच्या शैलीची ही किंमत आहे. ६ नोव्हेंबर १९८१ रोजी पिट्सबर्गमध्ये रेनाल्डो स्नाइप्सने त्याला सातव्याच फेरीत पाडले तेही उजव्यानेच, आणि त्या वेळी तर उठताना त्याचा तोल पुन्हा गेला होता. तीही लढत त्याने अकराव्या फेरीतच जिंकली. दुसरे कारण असे की छाती नसल्याचा १९७२ चा तो शिक्का किती खोटा होता, हे या दोन लढतींइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

रानजाई :

गेरी कूनीची लढत अजून कोणी सुचवली नाही याचे आश्चर्य वाटले. ११ जून १९८२, सीझर्स पॅलेसच्या आवारात उघड्यावर उभारलेले रिंगण आणि तीस हजारांहून अधिक प्रेक्षक.

ही लढत पाहताना बाहेरचे वातावरण माहीत असणे आवश्यक आहे. कूनी गोरा, धिप्पाड, २५ पैकी २५ लढती जिंकलेला, आणि त्याने आदल्या वर्षी नॉर्टनला एका मिनिटाच्या आत संपवलेले. बऱ्याच वर्षांनी गोरा हेवीवेट विजेता मिळण्याची शक्यता आहे, या एकाच गोष्टीवर प्रवर्तकांनी ही लढत विकली. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कूनी झळकला, विजेता होम्स नव्हे. चार वर्षे गादीवर असलेल्या आणि एकही लढत न हरलेल्या माणसाचे नाव रिंगमध्ये आधी पुकारण्यात आले आणि आव्हानवीराचे नंतर, हा तर प्रथेचा सरळ अपमान होता. इतके सगळे पचवून होम्सने लढत सुरू होण्याआधी कूनीला सांगितले की आपण दोघे एक चांगली लढत करू या. मला त्याच्याबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो या ठिकाणी.

दुसऱ्या फेरीत त्याने कूनीला पाडले. कूनी उठला आणि नंतर त्याने मनापासून झुंज दिली, हे मान्य केलेच पाहिजे; कूनी फुगवलेला फुगा होता असे जे म्हणतात त्यांनी मधल्या फेऱ्या पाहिलेल्या नसाव्यात. कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल रेफरी मिल्स लेन यांनी त्याचे एकूण तीन गुण कापले. तेराव्या फेरीत त्याच्या प्रशिक्षकाने स्वतः रिंगमध्ये शिरून लढत थांबवली. त्या क्षणी दोन परीक्षकांच्या कागदावर होम्स ११३–१११ असा पुढे होता. म्हणजे ते तीन गुण कापले गेले नसते तर या दोघांच्या हिशेबाने कूनी एका गुणाने आघाडीवर असता! लढत प्रत्यक्षात तितकी अटीतटीची नव्हती. कागदावर तिला तसे केले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे होम्स आणि कूनी चांगले मित्र झाले, हेही मुलीला जरूर सांगा.

सांजवात :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेव्हर्सची पहिली लढत आम्ही आखाडा यांनी सांगितल्याप्रमाणे आवाज बंद करून पाहिली. मुलीने दुसरी फेरी पुन्हा पुन्हा लावली आणि शेव्हर्सचे पाऊल कुठे अडते ते बोट ठेवून मला दाखवले. आता एक शंका विचारते. अलीची लढत आम्ही अर्धवट पाहून सोडून दिली होती. होम्सची कारकीर्द समजून घेण्यासाठी ती पूर्ण पाहणे गरजेचे आहे का? मुलीला तिचा त्रास झाला होता.

उत्तररात्र :

गरजेचे नाही, असे माझे ठाम मत आहे. तिच्याबद्दल माहिती मात्र हवी.

२ ऑक्टोबर १९८० रोजी अली ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षे त्याने एकही लढत केलेली नव्हती. त्याच वर्षाच्या आरंभी तो भारतात येऊन गेला होता, आणि त्याला पाहायला लोटलेल्या गर्दीच्या आठवणी आपल्याकडची जुनी मंडळी अजून सांगतात. त्या गर्दीला दिसलेला अली आणि लास व्हेगासमध्ये रिंगमध्ये उतरलेला अली यांच्यात काही महिन्यांचेच अंतर आहे. लढतीपूर्वी त्याने झपाट्याने वजन उतरवले, केस काळे केले, आणि पाहणाऱ्यांना वाटले की १९७४ चा अली परत आला. प्रत्यक्षात तो थायरॉइडचे औषध घेत होता आणि शरीर आतून पार रिते झालेले होते. पहिल्या फेरीपासून त्याच्याकडून काहीच झाले नाही. परीक्षकांनी एकही फेरी त्याला दिली नाही. दहाव्या फेरीनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली आणि अलीच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा पराभव लढत थांबवून झाला.

होम्सच्या बाजूने पाहिले तर त्याच्यापुढे दोन्हीकडून कोंडी होती. ज्याच्याकडून सगळे शिकलो त्याला मारायचे, आणि मारले नाही तर विजेतेपद घालवायचे. शेवटच्या फेऱ्यांत तो ठोसे आवरून मारताना, रेफरीकडे पाहताना दिसतो. लढतीनंतर तो रडला. लोकांनी मात्र त्याला क्षमा केली नाही. अलीला हरवणारा म्हणून त्याच्या वाट्याला मान आला नाही, राग आला. तुमच्या मुलीला त्रास झाला हे योग्यच झाले. पाहायचेच असेल तर लढतीनंतरची होम्सची मुलाखत पाहा आणि पुढे चला.

गुणफलक :

उत्तररात्र यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. लहान मुलीला ही लढत दाखवू नये हे मान्य, परंतु ताईंनी स्वतः ती एकदा पूर्ण पाहावी. होम्सला पुढची पाच वर्षे जी वागणूक मिळाली, त्याने ज्या कडवटपणाने ती परत केली, त्याचे मूळ याच दहा फेऱ्यांत आहे. शिवाय केवळ बॉक्सिंग म्हणून पाहिले तरी त्या रात्री होम्सचा जॅब निर्दोष होता, आणि समोर कोण आहे यामुळे त्याचा तो दोष ठरत नाही. लढत व्हायलाच नको होती. पण ती ठरवणाऱ्यांत, परवानगी देणाऱ्यांत होम्सपेक्षा मोठ्या जबाबदारीची माणसे बरीच होती.

कडेलोट :

चर्चा फक्त गाजलेल्या लढतींभोवती फिरते आहे, म्हणून थोडे वेगळे सुचवतो. होम्सवर नेहमीचा आक्षेप असा की त्याने गादी राखली ती किरकोळ लोकांविरुद्ध. हा आक्षेप मला अन्यायकारक वाटतो आणि तो खोडून काढायला चार लढती पुरेशा आहेत. माइक वीव्हर, जून १९७९, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ट्रेव्हर बर्बिक, एप्रिल १९८१. टिम विदरस्पून, मे १९८३. जेम्स स्मिथ, नोव्हेंबर १९८४. हे चौघेही होम्सकडून हरल्यानंतर हेवीवेटचे विजेते झाले. त्यांनी मिळवलेली विजेतेपदे वेगवेगळ्या संघटनांची होती हे खरे, पण लढत झाली तेव्हा ज्यांना कोणी ओळखत नव्हते अशांना होम्सने आधीच पेलले होते. उगवत्या माणसाला हरवले की त्याचे श्रेय मिळत नाही, ते त्याला मागाहून हरवणाऱ्याला मिळते.

या चारांतली वीव्हरची लढत आवर्जून पाहा. वीव्हरला कुणी खिजगणतीतही धरले नव्हते, आणि त्याने होम्सच्या तोंडचे पाणी पळवले. अकराव्या फेरीच्या अखेरीस होम्सने उजव्या अपरकटने (खालून वर हनुवटीवर येणाऱ्या ठोशाने) त्याला खाली पाडले आणि बाराव्या फेरीत लढत संपवली. जॅब चालेनासा झाला की होम्सकडे दुसरे काय होते, याचे उत्तर त्या अपरकटमध्ये आहे.

विदरस्पूनची लढत दुसऱ्या कारणासाठी पाहा. ती बारा फेऱ्यांची होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध लढताना कोरियाच्या डुक कू किमला झालेल्या दुखापतीने त्याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर डब्ल्यूबीसीने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. नवव्या फेरीत विदरस्पूनने होम्सला असे हादरवले की तो पडतो की काय असे वाटते, पण त्याच फेरीत तो स्वतःला सावरून उलटा मारू लागतो. निकाल स्प्लिट डिसिजनने होम्सच्या बाजूने लागला. मला स्वतःला विदरस्पून जिंकला असे वाटते, आणि असे वाटणारे पुष्कळ आहेत.

सोडून द्यायच्या लढतींत लोरेन्झो झानोन, लेरॉय जोन्स, स्कॉट फ्रँक या येतील. रँडल कॉबची तर मुळीच पाहू नका. किमच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आतच ह्यूस्टनमध्ये झालेली ती लढत इतकी एकतर्फी होती की समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी त्यानंतर व्यावसायिक बॉक्सिंगचे समालोचन कायमचे सोडले.

उत्तररात्र :

शेवटच्या टप्प्याबद्दल ताईंच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

१९८५ पर्यंत होम्सच्या नावावर ४८ विजय आणि शून्य पराभव होते. वीस वेळा त्याने विजेतेपद राखले होते. त्याच्यापुढे तेव्हा फक्त जो लुईस होता, २५ वेळा राखणारा. आणखी एक विजय मिळाला असता तर रॉकी मार्सियानोच्या ४९–० या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली असती. २१ सप्टेंबर १९८५ रोजी, मार्सियानोच्या अखेरच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, तो मायकेल स्पिंक्सकडून (वर आलेल्या लिऑनचा भाऊ) गुणांवर हरला. मायकेल हा लाइट हेवीवेट या हलक्या वजनगटाचा विजेता होता आणि त्या वजनगटाच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेटची गादी घेण्याची ती पहिलीच वेळ. लढतीनंतर होम्सने मार्सियानोबद्दल अत्यंत हीन उद्गार काढले. त्याने नंतर माफी मागितली, तरी उरलीसुरली सहानुभूतीही त्या एका वाक्याने गेली. ही लढत जरूर पाहा, कारण तीत होम्सला ठोसा दिसतो आहे, संधी दिसते आहे, आणि हात मात्र अर्ध्या क्षणाने मागे पडतो आहे, हे स्पष्ट कळते. वय झालेला बॉक्सर नेमका कुठे कमी पडतो, याचा याहून चांगला धडा नाही. एप्रिल १९८६ ची दुसरी लढतही स्पिंक्सला दिली गेली, स्प्लिट डिसिजनने, आणि तो निकाल मला आजही पटत नाही.

टायसनची लढत पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ जानेवारी १९८८ रोजी होम्स ३८ वर्षांचा होता आणि जवळजवळ दोन वर्षे रिंगबाहेर होता. अलीला त्याने हरवले तेव्हा अलीचेही वय तेच होते आणि विश्रांतीही तेवढीच. चौथ्या फेरीत तो तीनदा खाली गेला. ७५ लढतींत ठोशांनी त्याला थांबवले गेले ते त्या एकदाच.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर : हो, आहे, आणि भरपूर आहे. १९९१ मध्ये तो परतला आणि ७ फेब्रुवारी १९९२ रोजी अटलांटिक सिटीमध्ये रे मर्सरविरुद्ध उतरला. मर्सर १९८८ चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता आणि तोवर अपराजित. होम्स ४२ वर्षांचा. पाय पूर्वीसारखे चालत नाहीत हे ओळखून होम्सने ती लढत कोपऱ्यात आणि दोरांना पाठ टेकवून केली. मर्सरला जवळ येऊ द्यायचे, त्याचे ठोसे खांद्यावर आणि हातावर घ्यायचे, मग डाव्याने त्याचे डोके बाजूला सारायचे आणि उजवा सोडायचा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांनी त्याला विजयी ठरवले. त्यामुळे जूनमध्ये इव्हँडर होलीफील्डशी विजेतेपदासाठी लढण्याची संधी त्याच्या पदरात पडली. तो गुणांवर हरला, पण उभा राहून हरला. एप्रिल १९९५ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, ऑलिव्हर मॅकॉलविरुद्ध तो अगदी थोड्या गुणांनी मागे पडला. त्यानंतरच्या लढती सोडल्या तरी काही बिघडत नाही.

रानजाई :

उत्तररात्र यांच्या प्रतिसादाला जोडून एक माहिती. २००८ मध्ये होम्सचा कॅनस्टोटा येथील आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. कारकीर्दीच्या अखेरीस त्याचे आकडे ६९ विजय, त्यांतले ४४ नॉकआउटने, आणि ६ पराभव असे आहेत. मोठमोठ्या विजेत्यांची मिळकत वाऱ्यावर जाताना आपण पाहिली आहे. याने मात्र कमावलेला पैसा ईस्टनमध्येच इमारती आणि व्यवसायात घातला आणि तो तिथेच राहिला. गावात डेलावेअर नदीकाठच्या एका रस्त्याला त्याचे नाव आहे आणि २०१५ मध्ये त्याचा पुतळाही उभारला गेला.

सांजवात :

इतके तपशीलवार मार्गदर्शन मिळेल असे वाटले नव्हते. आम्ही असा क्रम ठरवला आहे : शेव्हर्सच्या दोन्ही लढती, मग नॉर्टन, वीव्हर, कूनी, विदरस्पून, स्पिंक्सची पहिली आणि शेवटी मर्सर. अलीची लढत मी एकटी पाहीन. आखाडा यांना एकच विचारायचे आहे. मुलगी आता सरावात डावा हात होम्ससारखा खाली ठेवून उभी राहू लागली आहे. हे चालू द्यावे का?

आखाडा :

नाही ताई, लगेच थांबवा. होम्सने तो हात खाली ठेवला तो रोजच्या स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतींत) अली आणि दुसरा माजी विजेता जो फ्रेझर यांच्यासमोर वर्षानुवर्षे उभे राहून, आणि तरीही शेव्हर्सने त्याला पाडलेच. त्याच्याजवळ सावरायला आणखी पाच-सात फेऱ्या शिल्लक असत. हौशी स्पर्धेत सगळ्या मिळून तीनच फेऱ्या असतात. वरून आलेला एक उजवा ठोसा बसला आणि रेफरीने मोजणी सुरू केली की ती फेरी बहुधा हातची गेलीच.

तिने होम्सकडून दोनच गोष्टी घ्याव्यात. समोरच्याने पाऊल उचलले की जॅब, आणि जॅबबरोबर पुढचा पाय सरकवणे. हात हनुवटीजवळून निघाला पाहिजे आणि हनुवटीजवळच परतला पाहिजे. तिच्या प्रशिक्षकांना सांगून स्पारिंगची एक पूर्ण फेरी फक्त डाव्या हाताने करायला लावा; उजव्याने मारायला बंदी, तो हात गालाला चिकटलेला. जोडीदाराला मात्र दोन्ही हातांनी मारू द्या. पहिल्या काही दिवसांत ती वैतागेल आणि धावून जाईल. ती धावून गेली की फेरी थांबवायची आणि पुन्हा मध्यावरून सुरू करायची. नॉर्टनची लढत तिला त्या सरावाच्या आदल्या दिवशी दाखवा, पहिल्या चार फेऱ्या तरी. दुखावलेल्या डाव्या हाताने केलेले काम आहे ते.